ट्रेखालचं पाणी

रोपवाटिकेत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. खरं तर त्या एकट्या मालकांच्याच वहिनी, पण मालक दिवसातून पन्नासदा "वहिनी कुठायत?" असं विचारत फिरायचे, त्यामुळे ट्रे भरणाऱ्या बायका, गाडीवाला, खतवाला, सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

वहिनींचं काम एकच, पाणी देणं. ऐकायला सोपं वाटतं. पण ट्रेमधल्या अंगठ्याएवढ्या खणात उगवलेल्या काकडीच्या रोपाला कधी आणि किती पाणी द्यायचं, हे एकवीस वर्षं रोज न चुकता ओळखणं सोपं नसतं. वहिनी ट्रेच्या कडेला उभ्या राहायच्या, मातीचा रंग बघायच्या, एक बोट टेकवायच्या आणि पुढे सरकायच्या. माती म्हणायची ती सवयीने. माती तिथे नव्हतीच. होतं ते पीट, दूरच्या दलदलीतून खणून काढलेलं, काळंभोर, हलकं, पोत्यांत भरून येणारं. त्याचा स्वभाव वहिनींना घरच्या माणसासारखा पाठ होता. वरून फिकं पडायला लागलं की लगेच पाणी द्यायचं. एकदा का ते ठणठणीत कोरडं झालं की रुसतं. मग वरून कितीही ओता, पाणी कडेने निसटून खाली जातं आणि रोप मधे तहानलेलंच राहतं. म्हणून त्याला फिकं पडूच द्यायचं नाही. रोपवाटिकेत सगळे म्हणायचे, पाण्याला वहिनींचा हात.

मग एक दिवस भावजींनी सांगितलं की या हंगामापासून पीट बंद.

भावजी म्हणजे मालक, वहिनींचे धाकटे दीर. रोपवाटिका उभी केली ती वहिनींनी आणि त्यांच्या नवऱ्याने. पण नवऱ्याची पाठ गेली, ते घरी बसले आणि टेबल-खुर्ची, फोन, खरेदी हे सगळं धाकट्या भावाकडे आलं. वहिनींना त्याचं काही वाटलं नव्हतं. टेबलाशी बसायची हौस त्यांना कधीच नव्हती.

"ग्रीनहाउसवाले म्हणतात, पीटमधली रोपं घेणार नाही," भावजी म्हणाले. "त्यांच्याकडून काकडी घेणारी दुकानं तसं विचारतात. दलदल खणून काढली की परत भरायला हजारो वर्षं लागतात म्हणे. आता कोकोपीट आणायचं. नारळाच्या सोडणाचा भुसा."

ग्रीनहाउसवाले म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा शब्द मोडायची सोय नव्हती. भावजींची मुलगी तर खूशच झाली. तिने शेतीचं शिक्षण घेतलं होतं, पीट बंद करा म्हणून दोन वर्षं बापाच्या मागे लागली होती, आणि ट्रे भरणाऱ्या बायका तिला प्रोफेसर म्हणायच्या.

"काकू, तुझं काय म्हणणं?" प्रोफेसरने विचारलं.

"दलदल वाचत असेल तर वाचू दे की. मला काय, पाणीच घालायचंय."

माल आला तो विटांच्या रूपात. पाच-पाच किलोच्या दाबून बसवलेल्या विटा, कोरड्या आणि कडक. एक वीट टबात टाकून पाणी सोडलं की बघता बघता ती उकलायची, पसरायची आणि टब काठोकाठ भरायची. ट्रे भरणाऱ्या बायकांमधली एक अखंड बोलायची, म्हणून तिचं नाव रेडिओ पडलं होतं. ती म्हणाली, "हे तर आमच्या ह्यांच्यासारखं आहे. बसल्या जागी फुगतंय." सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या. भुसा हाताला छान लागत होता, मोकळा, तांबूस, ओल्या लाकडाच्या वासाचा.

नवव्या दिवशी हसू थांबलं. ट्रेवर हिरवं शेवाळं धरलं. इवल्या काळ्या माश्या उडायला लागल्या. टोमॅटोची रोपं पिवळी पडली, आणि काकडीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मेणबत्तीवर धरलेल्या कागदासारख्या.

भावजी आले, एक ट्रे उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "वहिनी, पाण्याचं काहीतरी चुकतंय. नव्या मालावर हात बसला नाही अजून."

एकवीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रेकडे आणखी बारकाईने बघत पाणी दिलं, आणि रोपं आणखी पिवळी पडली.

आठवडाभर असंच चाललं. वहिनी जितकं लक्ष देत तितकं बिघडत होतं. रात्री नीट झोप लागेना. आपल्याच बोटांवरचा विश्वास उडाला की माणसाला कसं वाटतं, हे कुणाला सांगून कळत नाही. शेवटी प्रोफेसर म्हणाली, "काकू, रंगावर जाऊ नकोस. वजन करून बघ."

वहिनींनी पॅकिंगच्या खोलीतला काटा आणून ठेवला. सकाळी पाणी देऊन निथळलेला ट्रे भरला दोन किलो दोनशे ग्रॅम. दुपारी तोच ट्रे वरून फिका, कोरडा दिसत होता. पीट असतं तर त्यांनी डोळे झाकून पाणी दिलं असतं. काट्यावर ठेवला तर दोन किलो पन्नास. म्हणजे वरचा थर वाळलेला, आणि खाली सगळं ओलं चिंब. दोन आठवडे त्या बुडणाऱ्या मुळांना पाणी पाजत होत्या.

त्या हात पुसून सरळ भावजींच्या टेबलाशी गेल्या.

"भावजी, माझं चुकत होतं. हा भुसा वरून खोटं बोलतो. आता वजनावर पाणी देते."

"बघा, मी म्हटलंच होतं," भावजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. त्या वेळी वहिनींना वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे.

वजनावर पाणी सुरू झालं आणि फरक पडला. माश्या गेल्या, शेवाळं वाळलं, टोमॅटो आणि मिरची मान वर करून उभी राहिली. काकडी मात्र ढिम्म. जुनी रोपं टाकून नवी पेरली, पहिल्या दिवसापासून काटा लावून पाणी दिलं, तरी दोन पानं फुटताच कडा जळायला लागल्या. वहिनींनी वही ठेवली होती. तारीख, वेळ, वजन, सगळं. त्या वही घेऊन गेल्या.

"भावजी, काकडीचं कारण वेगळं आहे. पाणी बरोबर आहे, हे बघा."

भावजींनी वहीकडे पाहिलंही नाही. "वहिनी, तुम्ही सवयीने जास्तच देत असणार. एकवीस वर्षांची सवय आठ दिवसांत जाते का?"

"मी काट्यावर…"

"काट्यावर ठेवता ते चार ट्रे. बाकीचे दोनशे अंदाजानेच ना?"

खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेर बायका ट्रे भरत होत्या. जाता जाता भावजी हसत म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." चेष्टेतच म्हणाले. पण दुपारपर्यंत रेडिओने ते पॅकिंगच्या खोलीपासून गाडीवाल्यापर्यंत सगळीकडे पोचवलं होतं, आणि संध्याकाळी गाडीवाला वहिनींना म्हणाला, "होतं असं, वहिनी. वयपरत्वे होतं."

वयपरत्वे. वहिनी त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

घरी नवरा पाठीला पट्टा बांधून खुर्चीत बसला होता. त्यांनी सगळं सांगितलं.

"तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुमचा भाऊ आहे."

"मी काय बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात त्यांचे आहेत," वहिनी म्हणाल्या. "ओठ माझे आहेत."

नवऱ्याने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. त्यापलीकडे त्याच्याकडून काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी काकडीच्या ट्रेखाली वाटी धरली. निथळणारं पाणी चहासारखं तांबूस होतं. आधी त्यांनी नळाचं पाणी तोंडात घेऊन थुंकलं. मग वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. स्पष्ट खारट, मिठाची चिमूट पडल्यासारखं. त्यांनी दुसऱ्या ट्रेखालचं चाखलं, तिसऱ्या ट्रेखालचं चाखलं. मग हाक मारली.

"प्रोफेसर, इकडे ये. जीभ लाव."

"काकू, असं काहीही तोंडात घालू नको गं. खतं असतात त्यात."

"काकडीला अजून खत सुरूच केलं नाही. मग खारट कशाने?"

प्रोफेसरने पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आणलं. नळाच्या पाण्याचा आकडा आला अर्ध्याच्या आत, वाटीतल्या पाण्याचा जवळजवळ चार. वहिनींना आकड्यातलं फार कळत नव्हतं, पण पुतणीचा चेहरा कळला.

"हे फार आहे," ती म्हणाली. "पण काकू, हे मीटर वर्षभर तपासलेलं नाहीये. तपासायचं द्रावण संपलंय. ते आल्याशिवाय पप्पांना काही सांगता येणार नाही, ते लगेच म्हणतील मीटर खराब आहे."

द्रावण यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत काकडीचे आणखी साठ ट्रे कचऱ्यात गेले, आणि प्रत्येक ट्रे ओतताना वहिनींना कुणीतरी सहानुभूतीने बघत असायचं. ती सहानुभूती त्यांना शिवीपेक्षा झोंबत होती. जीभ काही तपासून आणावी लागत नाही, असं त्या रेडिओला म्हणाल्या. रेडिओने तेही सगळीकडे पोचवलं, पण अर्थ बदलून.

द्रावण आलं, मीटर तपासलं. आकडा तोच.

"माल देणाऱ्याला फोन लाव," वहिनी म्हणाल्या. प्रोफेसरने फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस आवाजाने तरुण आणि सभ्य वाटत होता.

"नारळाच्या भुशात क्षार असतातच, मॅडम. आम्ही ते धुऊन, कॅल्शियम देऊन काढतो. तो माल वेगळा आणि न धुतलेला वेगळा. तुमचा ऑर्डर नंबर सांगा." मग थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. "हं, तुमच्या ऑर्डरवर न धुतलेला लिहिलंय. आम्ही दोनदा विचारलं होतं. काकडीचं कोवळं रोप क्षारांनी लगेच जळतं, आणि काकडीसाठी आहे म्हणालात, म्हणून मी स्वतः विचारलं होतं. साहेब म्हणाले, स्वस्तातला द्या, आम्ही इथे धुऊन घेऊ."

प्रोफेसरने फोन ठेवला. ती वहिनींकडे बघेना. नखाने टेबलावरचा वाळलेला भुसा खरवडत राहिली.

"मला माहीत नव्हतं, काकू."

"तुला दोष कसा देईन मी? चल."

भावजी टेबलाशी होते. प्रोफेसर उभीच राहिली, वहिनी मात्र समोरची खुर्ची ओढून बसल्या. त्या खुर्चीत त्या सहसा बसत नसत.

"भावजी, भुसा धुवायचा होता?"

भावजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "धुवायचाच होता. ठरलं होतं तसं. पण ग्रीनहाउसवाल्यांनी तारीख आठ दिवस अलीकडे घेतली. हौदही रिकामा नव्हता. मला वाटलं, ट्रेमध्ये रोज पाणी पडतंच आहे, त्यातच धुतला जाईल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तसं माहीत म्हणजे… शंका होती."

"मग तीन आठवडे मला सांगितलं का नाहीत?"

भावजींनी हात पसरले. "तुम्हीच येऊन म्हणालात ना, माझं पाणी चुकत होतं? मला वाटलं, मग तेच कारण असेल."

वहिनींनी आपलं अर्धं कबूल केलं होतं, आणि या माणसाने त्यांच्या पदरात पूर्ण घातलं होतं, वर तो ते असं सांगत होता की जणू त्यांनीच मागून घेतलं. कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना रोज वाटत होतं. ते इथे मुरत होतं, या टेबलाखाली.

"पप्पा, निदान बाहेर सगळ्यांना सांगा," प्रोफेसर म्हणाली. "सगळे काकूला बोलतायत."

"सांगू ना. आधी माल तर धुऊन घ्या. रोपं महत्त्वाची का हे?"

रोपं महत्त्वाची होती, हेच तर दुखणं होतं. दुसऱ्या दिवसापासून हौद रिकामा करून धुणं सुरू झालं. नुसत्या पाण्याने भागणार नव्हतं. प्रोफेसरने बायकांना समजावलं की क्षार भुशाला आतून धरून बसलेले असतात, साध्या पाण्याने वरवरचे जातात. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात दिवसभर भिजवलं की कॅल्शियम त्यांची जागा घेतं आणि ते बाहेर पडतात. मग परत धुवायचं.

"म्हणजे भाडेकरू बदलायचा," वहिनी म्हणाल्या.

"जुना भाडेकरू असा दिवसभरात निघतो होय?" रेडिओने विचारलं. "आमच्या घरमालकाला सांगते हे औषध."

पाच दिवस सगळ्यांची मनगटं भरून आली. ओला भुसा हौदातून उपसायचा, जाळीवर निथळायचा, परत हौदात टाकायचा. प्रत्येक धुण्यानंतर मीटर लावायचं. आकडा चारावरून दोनवर आला, मग कॅल्शियम, मग परत दोन धुणी, आणि पाचव्या दिवशी नळाच्या पाण्याच्या जवळ पोचला. वहिनींनी तरी जीभ लावून बघितली. नुसतं पाणी. भावजी या पाच दिवसांत दोनदा दारापर्यंत आले आणि फोन आला म्हणून परत गेले. बाहेर कुणाला काही सांगितलं नाही. बायकांना वाटलं, वहिनींनीच नवीन पद्धत काढली असेल, आधीचं निस्तरायला.

धुतलेल्या भुशातली काकडी मात्र अशी आली की बघत राहावं. रुंद, गर्द हिरवी पानं, कडा अखंड. ट्रेखालून बघितलं तर प्रत्येक भोकातून पांढरंशुभ्र मूळ डोकावत होतं. पीटमध्ये अशी मुळं वहिनींनी कधी पाहिली नव्हती, आणि हे त्यांनी मोकळेपणाने सगळ्यांना सांगितलं. भुशाचं त्यांना कधी वावडं नव्हतंच.

ग्रीनहाउसवाले स्वतः रोपं बघायला आले. दोन आठवडे त्यांचं ग्रीनहाउस रिकामं राहिलं होतं, त्यामुळे तोंड आंबट होतं. वहिनी त्यांच्यासमोर ट्रे धरून उभ्या होत्या. त्यांनी एक रोप खणातून उपसलं, मुळं पाहिली आणि मान हलवली.

"हे चांगलं आहे. मग आधी काय झालं होतं?"

भावजी म्हणाले, "नवीन माल ना. पाण्याचा अंदाज यायला वेळ लागला. आता वहिनींचा हात बसलाय."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. घाई न करता, नीट, बाकाच्या कडेला लावून ठेवला.

"पाण्याचा अंदाज चुकला तो पहिल्या दोन आठवड्यांत," त्या म्हणाल्या. "ते माझं. मी ते लगेच सांगितलंही. त्यानंतर तुमची काकडी जळली ती मिठाने. न धुतलेला माल आणला होता, आणि तो धुवायचा राहिला. ते माझं नाही."

ट्रे भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. भावजी जमिनीकडे बघत होते. प्रोफेसरने वहिनींच्या बाजूला एक पाऊल टाकलं.

ग्रीनहाउसवाल्यांनी रोप परत खणात बसवलं. "वहिनी, मीठ काय नि पाणी काय, मला काय करायचंय? तुमच्या घरातलं तुम्ही बघा. मला सोमवारी आठ हजार रोपं पाहिजेत. मिळतील का?"

"मिळतील," वहिनी म्हणाल्या.

"मग झालं तर."

ते गेले. इतके आठवडे जे त्यांच्या छातीवर बसलं होतं, ते सांगायला एक मिनिट लागलं, आणि ज्याला सांगितलं त्याला ते नकोच होतं. वहिनींना हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर भावजी म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर बोलायची गरज होती का?"

"तुम्हाला होती, तर मलाही होती."

त्यावर भावजी आत निघून गेले. त्या दिवशी रेडिओ चक्क बंद होती. संध्याकाळी निघताना मात्र ती वहिनींजवळ आली आणि म्हणाली, "वहिनी, मी पण बोलले होते तुमच्याबद्दल. तोंडाला आवर नाही माझ्या." एवढंच बोलली आणि गेली. वहिनींनी मान हलवली. ज्याने म्हणायला हवं होतं, तो खिडकीच्या आत फोनवर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी एक कागद घेऊन त्यांच्या बाकाशी आले. पुढच्या मालाची ऑर्डर. मालाचा प्रकार लिहायची जागा कोरी होती.

"तुम्हीच भरा," ते म्हणाले. "यापुढे कोकोपीटचं तुम्ही बघायचं. तुम्ही म्हणाल ते."

वहिनींनी कागदावर लिहिलं, 'धुतलेला, कॅल्शियम दिलेला', आणि खाली, 'माल उतरवण्याआधी इथे तपासणार'. कागद परत दिला, पण सोडला नाही. एक टोक त्यांच्या हातात, एक भावजींच्या.

"भावजी, हे मला नको होतं. चूक कुणाची होती, तेवढं एकदा तोंडाने म्हणा. इथे, ह्यांच्यासमोर."

भावजींनी बायकांकडे पाहिलं, मग कागदाकडे. "वहिनी, आता पुढचं बघू या ना. किती दिवस तेच उगाळायचं?"

खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून पाहिला, कानाला लावला आणि कागद अलगद ओढून घेत बोलत बोलत आत गेले. फोन कुणाचा होता कोण जाणे. आतून हसल्याचा आवाज आला.

मिरचीचे ट्रे हलके झाले होते, त्यांना पाणी हवं होतं. वहिनींनी पाइप उचलला आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. डोकं इतकं तापलं होतं की तीन ट्रेंना पाणी जास्त झालं, हे त्यांना चौथ्याशी पोचल्यावर कळलं. त्या मागे आल्या, ते तिन्ही ट्रे एका बाजूने उचलून तिरके टेकवले, आणि पाणी निथळेपर्यंत तिथेच थांबल्या.